1998 चा लॅपटॉप, रोजच्या कामाला

गेले चार महिने मी 1998 सालचा एक लॅपटॉप रोज वापरतोय. शोपीस म्हणून नाही, जुने गेम खेळायला पण नाही (ते सगळेच करतात), खरंच कामाला. पेंटियम टू, 266 मेगाहर्ट्झ, 64 एमबी रॅम, विंडोज 98. अंदाज यावा म्हणून सांगतो, फोनने काढलेला 12 मेगापिक्सेलचा साधा फोटो मेमरीत पूर्ण उलगडला की 36 एमबी होतो, म्हणजे एका फोटोत माझी निम्म्याहून जास्त रॅम खलास.

आणि तरी माझं म्हणणं आहे की हा लॅपटॉप स्लो नाहीये. हसू नका, आधी ऐका.

वर्ड 97 वर डबल क्लिक केलं की दोन-तीन सेकंदांत कोरं पान समोर. लॉगिन नाही, "नवीन काय आलंय बघा" नाही, कोपऱ्यातून कुणी डोकावून मदत करू का विचारत नाही (बरं, वर्डमधली ती मदतनीस पेपरक्लिप डोकावते, पण तिला एकदा घालवली की ती गेली). एक्सेल 97 मध्ये एका शीटला 65,536 ओळी मिळतात, घरखर्चाच्या हिशेबाला आणखी किती पाहिजेत? विनॅम्पवर एमपीथ्री लावून शेजारी टाइप करत बसलो तरी मशीनला घाम फुटत नाही. आणि टाइप करताना बोट पडलं की अक्षर उमटलं, मध्ये काही नाही. हा नुसता माझा भास असेल असं मला आधी वाटायचं, पण 2017 मध्ये एका प्रोग्रामरने बटण दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर दिसेपर्यंतचा वेळ वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर मोजला होता, त्यात पहिला नंबर 1983 च्या अ‍ॅपल टू-ई चा आला, 30 मिलिसेकंद, आणि त्या वेळची बरीच नवी मशीन शंभरच्या पुढे होती. कारण सोपं आहे, नव्या मशीनचा प्रोसेसर हजारपट पळत असला तरी बोट आणि पडदा यांच्यामध्ये इतके थर येऊन बसलेत की अक्षर प्रत्येकाची परवानगी घेत घेत येतं.

मग हा जुना झाला म्हणजे नेमकं काय झालं? तर इंटरनेटची वायर लावली की कळतं. ब्राउझर उघडतो, पत्ता टाकतो, आणि काही नाही. पान हळू येतंय असं पण नाही, येतच नाही. कारण आजच्या जवळपास सगळ्या साइट एन्क्रिप्शनशिवाय (म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवल्याशिवाय) बोलत नाहीत आणि याला जे एन्क्रिप्शन येतं ते एसएसएल 3, फार तर टीएलएस 1.0. एसएसएल 3 मधलं भगदाड 2014 मध्ये सापडलं, टीएलएस 1.0 आणि 1.1 ला 2021 मध्ये अधिकृतपणे निरोप दिला गेला. साइट खरी आहे का ते ताडून बघायची याच्यातली सर्टिफिकेटं पण कधीच एक्स्पायर झालेली. म्हणजे दारापर्यंत हा व्यवस्थित चालत जातो, बेल वाजवतो, पण आतल्यांनी भाषाच बदललीये. त्यात याच्या प्रोसेसरचा काय दोष, सांगा.

गंमत म्हणजे ज्या गोष्टींना एन्क्रिप्शन लागत नाही त्या आजही निमूट चालतात. एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची जुनी पद्धत, चालतं. घड्याळ नेटवरून जुळवून घेता येतं. घरातल्या नव्या लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर लावला की काळ्या खिडकीत कमांड टाकून फाइल इकडून तिकडे, एकदम मस्त. विंडोजचं शेअर्ड फोल्डर मात्र विसरा, जुना एसएमबी प्रोटोकॉल नव्या विंडोजमध्ये बंद करून ठेवलेला असतो, आणि तो उघडू पण नका, बंद आहे ते चांगल्या कारणासाठी आहे.

आता कबुली. "आम्ही आठवडाभर विंटेज कॉम्प्युटरवर सगळी कामं केली" असे व्हिडिओ असतात ना, त्यातले बरेच लोक एक लबाडी करतात आणि ती मी पण केली. लबाडी अशी की मध्ये एक रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर ठेवायचा, तो आजच्या ब्राउझरमध्ये पान उघडतो, त्या पानाचं एक चित्र काढतो आणि ते चित्र जुन्या मशीनला पाठवतो. जुन्या मशीनवर तुम्ही चित्रावर क्लिक करता, पाय ते क्लिक खऱ्या पानावर करतो, नवीन चित्र येतं. पहिल्यांदा बातम्यांचं पान दिसलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. बायकोने बघितलं आणि विचारलं, "म्हणजे हा चालवायला तो चालू ठेवायचा?" मी पंधरा मिनिटं प्रॉक्सी म्हणजे काय ते समजावलं आणि शेवटी लक्षात आलं की उत्तर नुसतं "हो" होतं. तळहाताएवढा तो बोर्ड माझ्या लॅपटॉपपेक्षा कित्येक पटीने ताकदवान, सगळं काम तोच करतोय, आणि हा मागे पाटीवर बसून "बघा मी पण बैलगाडी हाकतोय" म्हणतोय. दुसऱ्या दिवशी मी ते काढून टाकलं. जे याला स्वतःला येतं तेवढंच याच्याकडून घ्यायचं, असं ठरवलं.

फाइलींची ने-आण मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपी निघाली. पेन ड्राइव्हच्या नादी लागू नका, विंडोज 98 ला त्याचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो आणि त्यात एक रविवार जातो (माझे दोन गेले). जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घ्या, त्याला लॅपटॉपच्या बाजूच्या पीसीएमसीआयए स्लॉटचा साधा अडॅप्टर लावा, खुपसा. ड्राइव्ह म्हणून लगेच दिसतं, कारण ते कार्ड मुळात आयडीई डिस्कसारखंच, म्हणजे त्या काळच्या हार्ड डिस्कसारखंच वागतं. एफएटी32 ने फॉरमॅट केलं की तेच कार्ड रीडरमधून आजच्या मशीनवर पण उघडतं. पुढे मी आतली खडखड करणारी 4 जीबीची हार्ड डिस्क पण काढली आणि तिथेही असंच कार्ड बसवलं. खडखड गेली, थोडं वाईट वाटलं, पण डिस्क कधीही राम म्हणेल या भीतीत लिहिण्यापेक्षा बरं.

खरी अडचण मला आली ती देवनागरीची. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले आकडे देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज 2000 पासून. विंडोज 98 ला नव्या मशीनवरची मराठी फाइल दाखवली की प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन. जुन्या पद्धतीचे फॉन्ट टाकता येतात, ज्यात इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार काढलेला असतो, पण तो मजकूर दुसऱ्या मशीनवर गेला आणि तो फॉन्ट तिथे नसला की सगळा लेख मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा दिसतो. ज्यांच्याकडे अशा फॉन्टमधल्या जुन्या फाइल पडून आहेत त्यांना हे दुःख माहीत आहे. म्हणून मी त्याच्यावर हिशेब करतो, कामाची टिपणं इंग्रजीत काढतो, आणि डायरी रोमन लिपीतल्या मराठीत लिहितो, चॅटिंग केल्यासारखी. आणि हो, ही पोस्ट मी फोनवर लिहितोय. इतका पण कट्टर नाही मी.

या लॅपटॉपच्या वाईट गोष्टी झाकून ठेवायच्या नाहीयेत. एक प्रोग्राम पडला की कधी कधी सगळ्यांना घेऊन पडतो, त्यामुळे दर वाक्याला कंट्रोल एस दाबायची सवय परत लागली. विंडोज 98 मध्ये एक प्रसिद्ध घोळ होता, मिलिसेकंद मोजणारा आकडा 32 बिटचा, तो 49.7 दिवसांनी भरायचा आणि मशीन गोठायचं. माझं सलग तिथपर्यंत कधी पोचलंच नाही, यात काय ते समजा. सिक्युरिटी अपडेट 2006 मध्ये थांबलेत, तेव्हा बँक, ईमेल, पासवर्ड यातलं काहीही त्याच्यावर करायचं नाही, हा प्रश्न चर्चेचा नाहीच. आणि "पर्यावरण वाचवतोय" वगैरे पण मी म्हणणार नाही. एक लॅपटॉप मी हौसेने जागवला, त्याने ई-कचऱ्याच्या डोंगराचा खडा पण हलत नाही.

पण डोंगर कशाने वाढतो ते मात्र याच लॅपटॉपमुळे मला नीट दिसलं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनच्या आत सिक्युरिटीच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्याआधीची मशीन, ज्यात आठ-आठ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, जी आजही सगळं काही पळवतात, ती एका तारखेला "जुनी" ठरली. आदल्या रात्री चालत होती तेवढीच दुसऱ्या दिवशी सकाळी चालत होती. माझ्या 98 वाल्याचं आणि यांचं दुखणं एकच आहे, फक्त याला तिथवर जायला वीस वर्षं लागली आणि यांना आठ-दहा. सिक्युरिटीचं कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही, एसएसएल 3 ला मारणं बरोबरच होतं. पण दर वेळी "मशीन स्लो झालं, बदला" हे जे सांगतात ना, ते मला आता पटत नाही. ते मशीन टाकायच्या आधी त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा, एवढं तरी करा.

हे सगळं परवा एका मित्राला सांगत होतो तर त्याला आठवलं की त्याच्या कपाटात 486, म्हणजे माझ्याहूनही जुन्या पिढीचा पीसी पडलाय, आणि तो लगेच निघाला वायर शोधायला. त्याला थांबवलं. म्हटलं बाबा, आधी कॅबिनेट खोल. मदरबोर्डवर घड्याळाची सेटिंग जपणारी छोटी नळीसारखी बॅटरी दिसेल, कदाचित हिरवी-निळी बुरशी आल्यासारखी, ती गळते आणि आजूबाजूची तांब्याची नक्षी खाऊन टाकते. ती आधी कापून काढ, व्हिनेगर लावून साफ कर, वाळू दे, फोटो पाठव. तोपर्यंत पिन लावायची नाही.

फोटो अजून आलेला नाही. मला वाटतं त्याने लावली पिन.