कंपाउंडरचा मुलगा आणि कंपाउंडची भिंत

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कंपाउंड वॉलच्या डागडुजीवरून नेहमीप्रमाणे वाजलं. त्यात एका काकांनी ठोकून दिलं, 'कंपाउंड हा शब्द इंग्रजांनी आपल्या कुंपणावरूनच उचललाय.' पाठोपाठ अंगठ्यांचा पाऊस.

ऐकायला गोड आहे, पण नुसता उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही हो. शब्दकोश बोट दाखवतात ते मलय भाषेतल्या 'कांपुंग'कडे. कांपुंग म्हणजे गाव, वाडी, वस्ती. क्वालालंपूरमध्ये कांपुंग बारू आजही आहे, म्हणजे 'नवं गाव'. पोर्तुगीजांनी १५११ साली मलाक्का घेतलं, मागाहून डच आले. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून हा शब्द इंग्रजांपर्यंत पोचला असावा. (हेच पोर्तुगीज १७३७ पर्यंत आपल्या ठाण्यातही ठाण मांडून होते!) पुढे साहेबाच्या बंगल्याभोवतालच्या आवाराला कंपाउंड म्हणू लागले आणि आपण तर आवार सोडून थेट भिंतीलाच ते नाव देऊन टाकलं.

गंमत अशी, की इंग्रजीत याच स्पेलिंगचा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा या कांपुंगशी काडीचा संबंध नाही. तो लॅटिन 'कोंपोनेरे'चा, म्हणजे एकत्र ठेवणं, मिसळणं. शेवटचा 'ड' त्याला इंग्रजीत मागाहून चिकटला. रसायनातलं संयुग, बँकेतलं चक्रवाढ व्याज, हे सगळं त्याच घरचं. कंपाउंड फ्रॅक्चरही. हाडाचे खूप तुकडे झाले की ते कंपाउंड, असं बरेच जण समजतात. खरं तर मोडलेल्या हाडाजवळ कातडी फाटून जखम उघडी पडली की ते कंपाउंड.

आणि त्याच घरचे आमचे बाबा. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. काचेच्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर ओतायचं, कागदाची पट्टी घडी घालून कात्रीने तिला दाते पाडायचे आणि खळीने बाटलीला चिकटवायची. एक दाता म्हणजे एक डोस. शाळेत एका पोराने मला विचारलं होतं, 'तुझे बाबा कंपाउंडर, म्हणजे गेटवर बसतात ना?' मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. आता वाटतं, बिचाऱ्याने दोन शब्दांची गल्लत केली, एवढंच. काकांचंही तेच.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. चष्मा वर सारत म्हणाले, 'ते मलय-बिलय राहू दे. बाटली हलवून घ्यायची असते, ते लिहिलंस का?'