समुपदेशन कक्ष हवाच, पण ताण प्रयोगशाळेत तयार होतो

विद्यार्थ्यांच्या ताणावरच्या लेखात प्रत्येक महाविद्यालयात समुपदेशक हवा असं म्हटलंय, ते पटतं. सर्वोच्च न्यायालयानंही जुलै 2025 मध्ये 100 किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या संस्थांना तसे निर्देश दिलेत. पण गडचिरोली, मेळघाटाकडच्या बीएस्सीच्या मुलांसाठी आधी प्रॅक्टिकलकडे बघा.

घरी गोंडी किंवा कोरकू, दहावीपर्यंत मराठी, आणि तोंडी परीक्षा इंग्रजीत. उत्तर येत असूनही पोरगी गप्प राहते, गुण जातात. पहिला प्रश्न तिनं नुकत्याच केलेल्या प्रयोगावर विचारा, मराठीत उत्तर चालेल हे आधीच सांगा. टायट्रेशन, एंड पॉइंट असे शास्त्रीय शब्द इंग्रजीतच राहू द्या.

रंगांधळ्या मुलाला मिथाइल ऑरेंज या आम्लता दाखवणाऱ्या द्रवाचा रंगबदल नीट ओळखता येत नाही. रीडिंग चुकतं आणि शेरा मिळतो ‘निष्काळजी’. हे फार अन्यायाचं आहे. आम्लता आकड्यात दाखवणारं पीएच मीटर द्या, नाहीतर जोडीदाराला रंग सांगू द्या.

बॅच दुपारी 3 ते 5 ठेवली की गावची शेवटची एसटी चुकते. मग गैरहजेरी, मग 75 टक्के हजेरी नसल्याची नोटीस, मग परीक्षेचा फॉर्म अडकतो. लांबच्या गावांना सकाळची बॅच द्या.

समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनशेजारी असला तर कुणी फिरकत नाही; ग्रंथालयाकडे हलवा. जर्नलच्या, म्हणजे प्रयोगवहीच्या, पहिल्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर छापा, तो मोफत आणि चोवीस तास चालतो. आणि कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी सोबत जिल्हा रुग्णालयात न्या.