कोआला झिंगलेला नसतो हो!

“कोआला दिवसाला 20 तास झोपतो, कारण निलगिरीच्या पानांनी त्याला नशा चढते. निलगिरीचं कुठलंही झाड त्याला चालतं आणि जन्मभर तो पाण्याचा थेंबही पीत नाही!” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल.

झोपेचे तास खरे आहेत, 18 ते 20. कारण मात्र साफ चुकलंय. निलगिरीच्या पानात दारू नसते. असतो तो चोथा, नावापुरती प्रथिनं आणि कुणी खाऊ नये म्हणून झाडानंच भरून ठेवलेली तेलं, टॅनिन वगैरे विषारी द्रव्यं. हे पचवायला कोआलाच्या लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरची पिशवी दोन मीटरपर्यंत लांब असते. एवढा खटाटोप करून हाती लागते चिमूटभर ऊर्जा, म्हणून तो पडून राहतो. विष मोडायचं काम यकृताचं. 2018 मध्ये कोआलाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात अशी द्रव्यं मोडणाऱ्या विकरांची जनुकं भरमसाट दिसली. हे यकृत मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामकसुद्धा भराभर निकालात काढतं. ज्याच्या अंगात औषध टिकत नाही, तो पाल्यानं झिंगणार?

आता ‘कुठलंही झाड’. आपण सगळ्यांना निलगिरी म्हणून मोकळे होतो. या झाडांच्या जाती 700 च्या वर आहेत. कोआला त्यातल्या मोजक्याच खातो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या किनारी रानांत त्याचं एक लाडकं झाड म्हणजे फॉरेस्ट रेड गम, यूकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस. (भारतात ‘म्हैसूर गम’ म्हणून लावलेली निलगिरी बहुतांशी हीच.) त्यातही नखरे आहेतच: एकाच जातीच्या शेजारशेजारच्या दोन झाडांपैकी ज्याच्या पानांत विषारी द्रव्यं जास्त, ते तो टाळतो. हा रेड गम फोफावतो नदी-ओढ्याकाठच्या गाळाच्या जमिनीत, आणि शेतीसाठी, वस्तीसाठी कुऱ्हाड आधी पडली ती अशाच जमिनींवर. फेब्रुवारी 2022 मध्ये या दोन्ही राज्यांतल्या कोआलांची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली. त्यामागे इतर कारणं आहेत, पण जंगलतोड त्यात मोठी. कुठलंही झाड चाललं असतं, तर एवढी वेळ आली नसती.

पाण्याचं म्हणाल तर बरंचसं पानांतूनच मिळतं, एवढं खरं. पण 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी विद्यापीठाच्या एका अभ्यासात रानातले कोआला पावसात खोडावरून ओघळणारं पाणी चाटताना नोंदले गेले. रेड गमची साल सोलून निघत गुळगुळीत होते. अशा खोडावरून पाणी थेट तोंडाशी येतं, फांदी सोडायलाही नको.