तेवीस घरांची बिलं आणि चार स्टुलं

"मावशी, तुमच्या त्या बहिष्काराने शेवटी झालं काय?"

न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या भाचीने रविवारी फोनवर विचारलं. ती स्वतः २०२५च्या फेब्रुवारीपासून 'टार्गेट' या अमेरिकेतल्या मोठ्या दुकान-साखळीच्या दुकानात पाऊल ठेवत नाही. आपण करतोय त्याचा काही उपयोग आहे का, हे तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. फोनवर मी अर्धवटच बोलले, म्हणून इथे सविस्तर लिहिते. हा प्रश्न आपल्याकडेही दर सणाला कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या नावाने ग्रुपवर येतो. त्यावर उत्तरंही दोनच ठरलेली: "दाखवूनच देऊ यांना" नाही तर "अशाने काही होत नसतं". मला दोन्ही पटत नाहीत.

आमची गोष्ट आधी सांगते. गोरेगाव पूर्वेला आमच्या भागात एक मोठं दुकान आहे, किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं मिळतं. नाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात मी तिथे बिलाच्या रांगेत उभी होते. काउंटरवरची मुलगी आमच्या मागच्याच वस्तीतली, तिच्या आईला मी ओळखते. बिल मारता मारता ती एक टाच चपलेतून काढून दुसऱ्या पायाच्या पोटरीला घासत होती, मग पाय बदलत होती. पायाखाली खोक्याचा पुठ्ठा उलगडून घातलेला, लादी गार लागू नये म्हणून. मी विचारलं, "स्टूल नाही का गं?" मान वर न करता म्हणाली, "काढून टाकले, काकू. बसलेलं बरं दिसत नाही म्हणाले." नऊ तासांची ड्युटी. जेवायला अर्धा तास, तोही सणात वीस मिनिटांवर आलेला.

घरी आले तरी तो पुठ्ठा डोळ्यांपुढून जाईना.

आमचा ग्राहक पंचायतीचा जुना संघ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची. घरं एकत्र येऊन महिन्याची यादी देतात, माल एकत्र येतो आणि एखाद्या घरी बसून बायका त्याची घराघराप्रमाणे वाटणी करतात. धान्य-कडधान्य आम्ही तिथून घेतो, बाकीचं बरंचसं त्या दुकानातून घ्यायचो. वाटपाच्या दिवशी मी विषय काढला. संघातली आणि आमच्या बिल्डिंगमधली मिळून तेवीस घरं तयार झाली. उद्यापासून तिथे जायचं नाही, असं ठरलं.

आणि आम्ही गेलो नाही. बस, एवढंच केलं. पत्र दिलं नाही, कुणाला भेटलो नाही. दिवाळीनंतर दुकानातली गर्दी तशीही ओसरते. त्यात तेवीस घरं आली नाहीत हे त्यांना कळणार कसं? दीड महिन्यात अकरा घरं परत जायला लागली, तेलाच्या डब्यावर सूट लागली होती. मी त्यांना दोष देत नाही. ज्याची कुणी दखलच घेत नाही ते माणूस किती दिवस करत राहील?

पण याहून मोठी चूक दुसरीच होती, आणि तिची मला आजही लाज वाटते. जिच्यासाठी हे चाललं होतं त्या मुलीला आम्ही विचारलंच नव्हतं. जानेवारीत तिच्या घरी गेले. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "काकू, स्टूल हवाय हो. पण तुम्ही सगळ्या यायच्या बंद झालात आणि विक्री घसरली, तर आधी आमच्यातलीच दोघं-तिघं घरी बसवतील. आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका." मी गप्प बसले. दुकानाला धडा शिकवायला निघालेलो आम्ही, आणि त्याची किंमत कोण मोजणार याचा विचारच केला नव्हता.

तिथून आम्ही पद्धत बदलली. तिने तिच्याबरोबरच्या चार मुलींशी बोलून सांगितलं, की बाकी काही मागू नका, फक्त स्टूल मागा. मग आम्ही घराघरातून तीन महिन्यांची बिलं गोळा केली. त्या बिलांवरची अक्षरं काही आठवड्यांत उडून जातात, म्हणून जी वाचता येत होती त्यांच्या झेरॉक्स काढल्या. बेरीज दोन लाख एकतीस हजार झाली. सोबत एका पानाचं पत्र: सातही काउंटरवर स्टूल ठेवा, ज्या दिवशी ठेवाल त्याच दिवशी आम्ही परत येऊ, तोवर येणार नाही, आणि या कारणाने कुणा कामगाराला काढलं तर कधीच येणार नाही. खाली तेवीस सह्या. आम्ही पाचजणी ते द्यायला गेलो. मॅनेजरने आधी बेरीज वाचली, मग पत्र. "वर पाठवतो," म्हणाला. सतरा दिवसांनी स्टुलं आली. सातपैकी चार काउंटरवर.

दोन लाख म्हणजे त्या दुकानाला काहीच नाही, हे मला कळतं. त्यांना आकड्याची भीती वाटली नसणार. पण मागणी एका ओळीत कळत होती, ती पुरी करायला काही हजारच लागणार होते, आणि आम्ही परत कधी येऊ तेही लिहिलेलं होतं. शिवाय शेजारच्या सोसायट्यांतही हे पसरेल का, याचा अंदाज त्यांना नसणार. ब्रेडन किंग या अमेरिकी अभ्यासकाचं म्हणणंही याच अंगाने जातं: बहिष्काराने विक्रीचं फारसं बिघडत नाही, कंपन्यांना धास्ती असते ती बातमीची आणि नाव खराब होण्याची.

आता भाचीच्या 'टार्गेट'कडे येते. २०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला तो मिनियापोलिसमध्ये, आणि या कंपनीचं मुख्यालयही तिथलंच. त्यानंतर कंपनीने कृष्णवर्णीयांना नोकरीत, बढतीत, पुरवठादारांत जागा देण्याच्या मोठ्या घोषणा केल्या. २४ जानेवारी २०२५ला त्यातली उद्दिष्टं गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जॉर्जियातले पाद्री जमाल ब्रायंट यांनी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या, ४० दिवसांचा 'टार्गेट उपवास' पुकारला, म्हणजे तिथे खरेदीच करायची नाही. त्या तिमाहीत आधीपासून चालू असलेल्या दुकानांची (ऑनलाइन धरून) विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३.८ टक्क्यांनी घटली. कंपनीने कारणांमध्ये या नाराजीचाही उल्लेख केला, पण आयात शुल्काची धास्ती आणि लोकांनी आखडता घेतलेला हात हीसुद्धा कारणं होती, आणि कुणाचा वाटा किती हे सांगता येत नाही असं म्हटलं. ऑगस्टमध्ये प्रमुख ब्रायन कॉर्नेल पायउतार होणार हे जाहीर झालं.

पण याच दुकानावर २०२३ मध्ये अगदी उलट्या बाजूने बहिष्कार पडला होता. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या प्राइड महिन्यासाठी मांडलेल्या कपड्यांवरून. तेव्हा कंपनीने कर्मचाऱ्यांना धमक्या येत असल्याचं सांगून काही माल हटवला. त्या तिमाहीतली घट ५.४ टक्के होती.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की माझं म्हणणं नीट सांगता येतं. बहिष्काराने दुकानातून काहीतरी काढायला लावणं सोपं असतं. काहीतरी ठेवायला लावणं फार अवघड. कपडे रात्रीत हटवता येतात. माणसांना समान वागणूक देण्याची पद्धत मात्र रोज, वर्षानुवर्षं, कुणी बघत नसतानाही पाळावी लागते. ती पाळायला लावायची तर चाळीस दिवसांचा राग पुरत नाही.

आपल्याकडेही तेच. ऑक्टोबर २०२०मध्ये 'तनिष्क'ने हिंदू-मुस्लिम कुटुंबातल्या डोहाळजेवणाची जाहिरात केली आणि काही दिवसांतच मागे घेतली. कारण देताना दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या काळजीचा उल्लेख केला होता. दुकानात काम करणाऱ्या माणसाला आपल्या जिवाची भीती वाटायला लागली, तर त्याला मी बहिष्कार म्हणणार नाही. ती दमदाटी आहे. मी माझे पैसे माझ्या पाकिटात ठेवते, हा माझा हक्क. समोरच्याला धमकावणं हा हक्क नाही, कारण कितीही पवित्र असो.

आणि एक गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. बहिष्कार हा शब्द आपल्याकडे दुकानाच्या आधी माणसांवर वापरला गेला. गावाने एखाद्या घराला वाळीत टाकायचं, पाणी बंद, किराणा बंद, बोलणं बंद. बाबासाहेबांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचं नावच 'बहिष्कृत भारत' होतं. जातपंचायतींच्या अशा बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्याला २०१६ साली कायदा करावा लागला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या फेरीवाल्याकडून भाजी घेऊ नका असा मेसेज आला की मला त्यात ग्राहकाची ताकद दिसत नाही, जुनी वाळीतच दिसते. पंधरा गिऱ्हाइकांवर ज्याची चूल पेटते त्याला, आणि देशभर दुकानं असणाऱ्या कंपनीला, एकच शब्द लावायचा नाही.

चिनी मालाचं तर सगळ्यांनी पाहिलंच. गलवानमधल्या चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, जून २०२० मध्ये, लोकांनी टीव्ही फोडले. २०२०-२१ मध्ये चीनमधून आपली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलर होती, २०२३-२४ मध्ये ती १०० अब्जांच्या वर गेली. औषधांचा कच्चा माल, मोबाइलचे सुटे भाग यांना हातात पर्याय नव्हता, मग राग कितीही खरा असला तरी तो जाणार कुठे? वंगभंगानंतर टिळकांनी बहिष्कार सांगितला तेव्हा त्याच्या जोडीला स्वदेशी होती, राष्ट्रीय शिक्षण होतं. १९०६ मध्ये मुंबईत बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स उभं राहिलं. हे घेऊ नका म्हणताना काय घ्या तेही सांगितलं होतं. आणि १२ डिसेंबर १९३०ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन जीव देणारा बाबू गेनू गिरणी कामगार होता.

कामगारावरून डब्लिन आठवतं. १९ जुलै १९८४, हेन्री स्ट्रीटवरचं 'डन्स स्टोअर्स'. मेरी मॅनिंग ही एकवीस वर्षांची कॅशियर. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदामुळे तिथला माल हाताळायचा नाही असा तिच्या युनियनचा ठराव होता. एका बाईंनी काउंटरवर दोन ग्रेपफ्रूट ठेवली, मेरीने बिल करायला नकार दिला. तिला निलंबित केलं, तसे तिच्याबरोबरचे बाहेर पडले. ती मोजकी माणसं जवळपास तीन वर्षं संपावर होती. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांवर बंदी घातली. ग्राहकाच्या आधी काउंटरमागची मुलगी उभी राहिली होती, आणि शेवट कायद्याने झाला.

केरळातही तेच. तिथल्या कापड दुकानांतल्या बायकांनी कोळिकोडपासून वर्षानुवर्षं लढून बसण्याचा हक्क मिळवला. २०१८ मध्ये राज्याने दुकानांच्या कायद्यात बदल केला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही. आमच्या दुकानातली चार स्टुलं म्हणजे मॅनेजरची मर्जी. मॅनेजर बदलला की जातील. केरळातल्या बाईला स्टूल द्यावंच लागतं.

माझी आई १९७२च्या महागाईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांबरोबर लाटणं घेऊन रस्त्यावर उतरली होती. ती सांगायची, मोर्चा संपला की खरं काम सुरू होतं, रेशन दुकानात रोज जाऊन फळा बघायचा. मला हे दुकानाच्या बाबतीत उशिरा कळलं. स्टुलं आल्यावर आम्ही सुटलो असं समजून सगळ्या आपापल्या कामाला लागलो. ती मुलगी गेल्या पावसाळ्यात नोकरी सोडून दुसरीकडे लागली. तिकडेही उभंच राहावं लागतं, असं तिची आई सांगत होती.

परवा गेले तर चारांतल्या एका स्टुलावर कॅरीबॅगचे गठ्ठे रचले होते आणि मागे एक नवीन मुलगी उभी होती. मी गठ्ठे उचलून खाली ठेवले. ती आधी मॅनेजरच्या केबिनकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. बसली नाही. या रविवारी वाटप आमच्याकडे आहे. उरलेल्या तीन काउंटरचं पत्र तेव्हाच लिहायचंय. त्याआधी मी त्या नवीन मुलीच्या घरी जाऊन येणार आहे.