नेपल्सची ‘लक्ष्मी’ परत मागायची का?

2024च्या जुलैत वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हापासून आमच्या लातूरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘परत आणा’ हा कायमचा विषय झालाय. कोहिनूर, भवानी तलवार, आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं, यादी वाढतेच आहे. वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आलीत, आणि ती महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. पण हे ग्रुपवर बोलायची सोय नाही. मध्यंतरी मी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीचा फोटो टाकला. लगेच मावसभावाचा हुकूम, “दादा, तू तिकडेच आहेस, आवाज उठव की!”

मी इटलीत राहतो हे खरं. पण हा आवाज मी उठवणार नाही.

मूर्ती जेमतेम वीतभर. पायात घोट्यापासून वर चढत गेलेल्या वाळ्यांची चळत, हातात तशाच बांगड्या, गळ्यात दागिने, एक हात मानेमागे नेलेला. दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या छोट्या दासी. कारागिराने पाठसुद्धा सोडलेली नाही, वेणीचा पेड न् पेड कोरलाय. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे ती बहुधा आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी. 1938 मध्ये पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका घरात सापडली तेव्हा लक्ष्मी म्हणून नाव पडलं, आता अभ्यासक यक्षी म्हणतात. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं, त्याआधीच कधीतरी ती तिथे पोचली होती.

पोचली कशी? कुणी लुटून नेली नाही. विकली गेली. त्या काळातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथला माल गाड्यांमधून भडोच बंदरात जायचा असं स्वच्छ लिहिलंय. तेरला आणि भोकरदनला याच घडणीच्या हस्तिदंती बाया सापडल्यात, म्हणून ही आपल्याच भागात कोरली गेली असावी असं बरेच जण मानतात. तिकडचा मालही इकडे आलाच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला काशाचा समुद्रदेव पोसायडन आज तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. उद्या इटलीने तो मागितला तर कोल्हापूरकर देतील? विचारायची हिंमत माझ्यात नाही.

परत मागण्यात गैर काही नाही, आणि ते कसं करायचं हे इटलीकडून शिकावं. चोरीच्या कलावस्तू शोधायला इथे 1969 पासून पोलिसांचं खास पथक आहे. देशाबाहेर चोरट्या मार्गाने गेलेलं, युफ्रोनिओस या प्राचीन चित्रकाराने रंगवलेलं ग्रीक भांडं इटलीने 2008 मध्ये न्यूयॉर्कहून परत मिळवलं. आणि मुसोलिनीच्या फौजांनी इथिओपियातून उचलून आणलेला अक्सुमचा स्तंभ 2005 मध्ये परतही दिला, तोही पुष्कळ टाळाटाळ करून. आपणही तमिळनाडूतल्या पाथूरचा नटराज लंडनच्या कोर्टात भांडून 1991 मध्ये परत आणलाच. चोरी दाखवता आली तर भांडावं, शेवटपर्यंत भांडावं. रोख पैसे मोजून नेलेल्या मालावर हक्क सांगितला, तर खऱ्या चोरीची केससुद्धा हलकी होते.

माझी तक्रार वेगळीच आहे. नेपल्समध्ये ही मूर्ती ‘गुप्त दालना’त आहे, पाँपेईतल्या कामुक चित्रांच्या आणि वस्तूंच्या शेजारी. सांची-कार्ल्याच्या शिल्पांवर नजर बसलेल्या माणसाला यात झाकण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. तिला तिथून काढून व्यापाराच्या दालनात ठेवा, पाटीवर तेर आणि भोकरदन ही नावं ठळक लिहा, यासाठी मी खुशाल पत्रं लिहीन.

आणि मावसभावाला माझा उलटा हुकूम: तेर तुझ्या घरापासून तासा-दीड तासावर आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला तू दरवर्षी जातोस. तिथेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे आणि नेपल्सच्या बाईची बहीण त्यात आहे. यंदा मुलांना घेऊन आत जा. फोटो ग्रुपवर टाक, मग मी नेपल्सचा शेजारी लावतो.