मेचं बिल वाढलं म्हणून एलईडी खोटे ठरत नाहीत

उन्हाळा आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात असा: "आम्ही जिन्यातल्या सगळ्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवले. फेब्रुवारीचं आणि मेचं बिल शेजारी ठेवून बघा, रक्कम उलट वाढलीय. बिल खोटं बोलत नाही. तीन महिने पुरेसे आहेत. वीजबचत हा निव्वळ विकणाऱ्यांचा धंदा आहे." आमच्या सोसायटीच्या कॉमन मीटरची बिलं सहा वर्षं मी सांभाळतोय. हा मेसेज वाचून चांगली कामं अडलेली पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"रक्कम वाढली." रक्कम म्हणजे वीज नव्हे. महावितरणच्या बिलात स्थिर आकार असतो, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असतो, वर घरगुती दराला 16 टक्के वीज शुल्क. मागचं काही राहिलं असेल तर थकबाकी आणि व्याजही त्याच आकड्यात. शिवाय नियामक आयोगाचे नवे दर बहुतेक वेळा 1 एप्रिलपासून लागतात. म्हणजे फेब्रुवारीचं बिल जुन्या दराचं आणि मेचं नव्या. वापर तेवढाच राहिला तरी रक्कम हलू शकते. बचत बघायची तर युनिट बघा. आणि स्लॅबमुळे वाचलेलं युनिट हे सगळ्यात महागडं युनिट असतं, कारण वापर कमी होतो तो वरच्या स्लॅबमधून.

"फेब्रुवारी आणि मे शेजारी ठेवा." इथे खरी गफलत आहे. तुलना मेची मागच्या मेशी व्हायला हवी. तीही दिवसाला किती युनिट, अशी. एक बिल 28 दिवसांचं आणि दुसरं 33 दिवसांचं असेल तर नुसत्या दिवसांमुळेच सुमारे 18 टक्के फरक पडतो.

आता एलईडीचा हिशोब. जुनी 40 वॅटची ट्यूब चोकसकट साधारण 52 वॅट घेते, एलईडी 20 वॅट. चाळीस ट्यूब, रोज 12 तास धरले तर महिन्याला सुमारे 460 युनिट वाचतात. पण त्याच मीटरवर पाण्याचा पंप आहे. पाच एचपीचा पंप तासाला साधारण साडेचार युनिट घेतो. मेमध्ये पाण्याचा वापर वाढून तो रोज साडेतीन तास जास्त चालला, की 460 युनिट तिथेच गेले. दिव्यांनी वाचवलं, पंपाने खाल्लं. बिलावर दोन्ही एकाच ओळीत येतं.

आमच्याकडे हेच झालं होतं. एलईडी बसल्यावर दोन महिने युनिट छान उतरले, मग पुन्हा जागेवर. सभेत सगळे दिव्यांवर घसरले. मी आठवडाभर रात्री अकराला आणि पहाटे पाचला मीटररूममध्ये टॉर्च घेऊन जाऊन रीडिंग वहीत उतरवलं. सगळे झोपलेले असताना जेवढे युनिट पडत होते, तेवढे जिन्यातल्या दिव्यांचे असूच शकत नव्हते. गच्चीवर गेलो तर एका विंगच्या टाकीचा बॉल कॉक गेलेला, पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात, आणि ऑटोमॅटिक पंप रात्रभर चालू-बंद. बॉल कॉक बदलला आणि युनिट खाली आले. वीज तर जातच होती, पण त्या कडक उन्हाळ्यात पिण्याचं पाणी गटारात जात होतं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

"बिल खोटं बोलत नाही." मीटर खोटं बोलत नाही, हे मान्य. पण रीडिंग मिळालं नाही तर बिल सरासरीवर येतं. मीटररूमला कुलूप असेल तर हे हमखास. चालू रीडिंगच्या जागी 'लॉक' किंवा 'आरएनए' (रीडिंग मिळालं नाही) असा शेरा दिसला, तर ते बिल तुलनेला घेऊच नका. पुढचं खरं रीडिंग येऊ द्या. सोलर बसवलं असेल तर नुसत्या बिलावरून वापर कळत नाही, त्यासाठी सोलरच्या मीटरचा आकडाही लागतो.

"तीन महिने पुरेसे आहेत." नाहीत. आधीचे बारा आणि नंतरचे बारा महिने हवेत, म्हणजे सगळे ऋतू दोन्ही बाजूंना येतात. बचत मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयपीएमव्हीपी, तिच्यातही मुख्य मीटरवरून मोजायचं तर बचत साधारण 10 टक्क्यांहून मोठी असावी असं धरतात. त्याहून लहान बचत नेहमीच्या चढउतारात हरवते. तिथे दिव्यांच्या किंवा पंपाच्या लाइनला वेगळा सबमीटर लावावा.

विकणाऱ्यांबद्दलचा संशय मात्र मला पटतो. कोटेशनमध्ये "40 टक्के बचत" लिहिणाऱ्याला, ती कोणत्या मीटरवर आणि कोणत्या महिन्यांशी ताडून, हे विचारलंच पाहिजे. बिल उतरलं म्हणजे बचत झाली, हेही तितकंच कच्चं आहे. 2020 च्या लॉकडाउनमध्ये बंद ऑफिसांची बिलं उतरली, ती काही कोणी दिवे बदलले म्हणून नव्हे.

मेसेज लिहिणाऱ्यांना विनंती: मागच्या मेचं आणि या मेचं, दोन्ही बिलं टाका, युनिट आणि बिलाचे दिवस दिसतील अशी. वॉचमनने पंपाचे तास लिहून ठेवले असतील तर तेही पाठवा. हिशोब मी बसून करून देतो.