वेचणीच्या हंगामातली लस

यवतमाळकडच्या आमच्या नातेवाइकांत एक वाद दरवर्षी पेटतो. गावातली काही घरं बाळाचे लशीचे डोस टाळतात. शहरात स्थिरावलेले भाऊबंद म्हणतात, लोक अडाणी आहेत, यांचं रेशन बंद करा, झक मारत येतील. 2021 मध्ये करोनाची लस नाही तर रेशन-पेट्रोल नाही, असा आदेश औरंगाबाद जिल्ह्यात निघालाच होता, त्याचा दाखलाही देतात.

मला हे पटत नाही. मी राहतो टेक्सासच्या पश्चिमेला, लबकमध्ये. हाही कापसाचाच मुलूख. इथून गाडीनं दीडेक तासावर गेन्स काउंटी आहे. 2025 च्या जानेवारीत तिथे गोवराची साथ सुरू झाली. ऑगस्टमध्ये ती संपल्याचं जाहीर होईतो टेक्सासात 762 रुग्ण झाले आणि दोन मुली दगावल्या, एक सहा वर्षांची, दुसरी आठ. दोघींनाही लस दिलेली नव्हती. ज्या देशातून 2000 साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर झालं होतं, तिथली ही गोष्ट. गोवर रोखायचा तर शंभरातल्या 95 जणांना संरक्षण लागतं. गेन्समध्ये शाळेच्या पहिल्याच वर्गातल्या जवळपास 18 टक्के मुलांच्या पालकांनी फॉर्म भरून लशीतून सूट घेतली होती. गोवराच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा 12 मुलांवरचा निबंध 1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यांनी तो 2010 मध्ये मागे घेतला, तरी त्यातून उठलेली ऑटिझमची भीती इथे अजून घर करून आहे. म्हणजे लिहिता-वाचता येतं म्हणून माणूस लस घेतोच असं नाही.

आमच्या गावात कोणी निबंध वाचून नकार देत नाही. दारव्ह्याकडच्या माझ्या वहिनीनं मागच्या हंगामात फोनवर सरळ सांगितलं, "भाऊजी, सुई टोचली का पोट्टं रातभर रडते. सकाळी वेचणीले कोण जाईन?" तिचं म्हणणं खरंच आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीची, सुई देतात, तेव्हा पुष्कळ बाळांना ताप येतो, मांडी सुजते. वेचणी किलोवर असते. बाळाजवळ बसलं की त्या दिवशीची मजुरी बुडाली. या बाईचं रेशनही तोडायचं?

लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या, असं सिस्टरना प्रशिक्षणातच शिकवलेलं असतं: कोणती लस दिली, त्यानंतर काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुन्हा कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं. उपकेंद्रापुढे रांग लागली की दुसरी गोष्ट हमखास गळते. मग रात्री ताप चढतो आणि आईला वाटतं, सुईनंच काहीतरी बिघडवलं. आधी सांगितलेला ताप आणि न सांगितलेला ताप यांत फार फरक आहे.

चूक झाली तर तीही सांगावीच लागते. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळच्याच घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी 12 लेकरांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. लेकरं बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण त्यानंतर कुणी आई बाटलीवरचं लेबल दाखवा म्हणाली, तर ते दाखवायला हवं. तिला गप्प बसवलं तर पुढच्या खेपेला ती येणार नाही.

हे सगळं समजावते ती आशाताई. तिचं त्या घरात येणं-जाणं असतं, सासूला कसं वळवायचं ते तिला ठाऊक असतं. एका बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की तिला मिळतात 100 रुपये, दुसऱ्या वर्षाचे 75. मानधनासाठी 2023 मध्ये आणि 2024 च्या सुरुवातीला पुन्हा आशाताईंना संपावर जावं लागलं, याचा मला मनापासून संताप आहे. रेशन तोडा म्हणणाऱ्या आमच्या मंडळींनी तेवढ्याच जोरानं हिचं मानधन वेळेवर द्या म्हणावं.

आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. लसीकरणाचं सत्र आदल्या दिवशी ठेवलं, तर तापाची रात्र आणि दुसरा दिवस आईला बाळाजवळ बसता येईल, मजुरीही बुडणार नाही. दिवाळीनंतरच्या महिन्यांपुरता एवढा बदल करा, असं मी सरपंचांना आणि सिस्टरना कळवलं आहे. सिस्टर म्हणाल्या, वार बदलायला तालुक्याची परवानगी लागते. ती मिळवण्यासाठी ग्रामपंचायतीनं ठराव करावा, म्हणून आता वहिनी गावातल्या बायकांच्या सह्या गोळा करते आहे.